बंदूक थांबली, तरी माळढोक का परतला नाही?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जे विस्कळीत झालं होतं ते इथे थोडं नीट लावलंय, बाकी सगळं तेच आहे.

आज दोन पक्ष्यांची गोष्ट. दोघंही मोठे, जड, उडण्यापेक्षा चालणं पसंत करणारे. दोघांचंही मांस लोकांना आवडायचं, त्यामुळे दोघांचीही बेसुमार शिकार झाली. पहिल्याची शिकार आजही कायदेशीर आहे. दरवर्षी लाखो लोक परवाना काढून त्याच्या मागे रानात जातात, आणि तरीही त्याची संख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात आहे. दुसऱ्याची शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण बंद केली. तो आज सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलाय.

पहिला अमेरिकेतला जंगली टर्की. दुसरा आपला माळढोक.

मी इंजिनिअर माणूस. असा उलटा आउटपुट दिसला की मला झोप येत नाही. शिकार चालू असलेला वाढतो आणि शिकार बंद झालेला संपत जातो, हे कसं? म्हणून हा एपिसोड.

गोव्यातून आलेला पाहुणा

आधी टर्की. आपल्या रानात तो नाही, कधीच नव्हता. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. पण भारतात तो चारशे वर्षांपूर्वीच येऊन गेलाय, तेही आपल्या गोव्यामार्गे.

बादशहा जहांगीरने मुकर्रबखान नावाच्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं. काम एकच: पोर्तुगीजांकडे जे काही नवलाचं असेल ते विकत घेऊन ये. १६१२ मध्ये तो जे घेऊन परतला, त्यात एक टर्की होता. जहांगीर त्याच्यावर इतका खूश झाला की त्याने आपल्या आठवणींमध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते डोक्याच्या आणि मानेच्या कातडीचं. ती सरड्यासारखी रंग बदलते, असं तो म्हणतो. मग त्याने दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून टर्कीचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. ऑनलाइन शोधा, मिळेल. पिसन् पीस मोजता येईल असं काम आहे.

नावाची गंमतही सांगतो. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजून टर्की म्हणतात. तुर्की लोक त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे भारतातला. आणि पोर्तुगीज म्हणतात ‘पेरू’! बिचारा ज्या खंडातून आला त्याचं नाव कुणीच दिलं नाही.

आता माळढोकाकडे जायला एक पूल. ऑस्ट्रेलियात माळढोकाचा एक चुलतभाऊ राहतो. तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याचं नाव काय ठेवलं? ‘प्लेन्स टर्की’, म्हणजे माळावरचा टर्की. मोकळ्या माळावर चालणारा, भरपूर मांसाचा मोठा पक्षी दिसला की त्यांना टर्कीच आठवायचा. आपल्या दख्खनच्या माळावर साहेब बंदूक घेऊन उतरला तेव्हाही त्याची नजर काही वेगळी नव्हती.

नगर जिल्ह्यातले ९६१

ज्यांनी माळढोक कधीच पाहिला नाही (म्हणजे जवळजवळ आपण सगळेच), त्यांच्यासाठी थोडं वर्णन. उंची साधारण एक मीटर. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. एवढं वजन घेऊन उडू शकणारे पक्षी जगात मोजकेच आहेत. मान पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी, पाठ तपकिरी. पावसाळ्यात नर माळावरची ठरलेली उंचवट्याची जागा धरतो, शेपूट पाठीवर उलटी उभारतो, गळ्याची पिशवी फुगवून पार खाली लोंबेपर्यंत आणतो आणि खोल आवाजात घुमतो. हूम… हूम… त्या आवाजावरून काही भागांत त्याचं नावच ‘हूम’ पडलं. राजस्थानात तो गोडावण आणि आपल्याकडे माळढोक, म्हणजे माळावरचा ढोक.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये हा पक्षी सर्रास दिसायचा. विल्यम साइक्स नावाचा लष्करी अधिकारी त्या काळात पुणे-नगर भागात फिरून प्राण्या-पक्ष्यांच्या नोंदी करत होता. आजही एका चंडोलाला त्याचं नाव आहे. त्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्यात तो सांगतो की इथे एका गृहस्थाने हजारेक माळढोक मारलेत. दुसरी एक नोंद नावानिशी आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारले.

इथे जरा थांबा आणि भागाकार करा. वीस वर्षांत ९६१, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस, जवळजवळ आठवड्याला एक. आज देशात जितके माळढोक उरलेत त्याच्या सहापटीहून जास्त एकट्या माणसाने, एकाच भागात मारले. आणि हे आपल्याला माहीत आहे कारण त्याने हिशेब ठेवला. ज्यांनी ठेवला नाही, त्यांचं काय?

माळढोक मारणं सोपं नव्हतं, हेही खरं. मोकळ्या माळावर त्याला लांबचं दिसतं. चालत येणारा माणूस दिसला की तो टप्प्याबाहेर निघून जातो. पण बैलगाडीला तो घाबरायचा नाही, कारण बैलगाडी रोजची. मग शिकारी गाडीत किंवा गाडीच्या आडोशाला लपून हळूहळू जवळ जायचे. पुढे जीप आली आणि काम आणखी सोपं झालं.

आणि एक गोष्ट राहून जाऊ नये. साहेबाच्या ९६१ ला ‘स्पोर्ट’ म्हटलं गेलं. त्याच माळावर फासे लावून तितर-लावे धरून पोट भरणाऱ्या फासेपारध्यांना मात्र त्याच सरकारने गुन्हेगार जमात ठरवलं. इतिहास वाचताना शिकारी कोण आणि चोर कोण, हे कुणी लिहिलंय तेही बघायला हवं.

बंदुकीकडून दुर्बिणीकडे

तुम्ही म्हणाल, साइक्स तर अभ्यासक होता. पण त्या काळात पक्षी बघणं आणि पक्षी मारणं ही दोन वेगळी कामं नव्हतीच. चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, कॅमेरे नव्हते. पक्षी ओळखायचा तर पाडायचा, मोजायचा, कातडं भरून ठेवायचं. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारीचा शौक असलेले भरपूर होते.

आपले सालिम अलीसुद्धा याच दारातून आत आले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते सोसायटीत गेले. तिथे मिलार्ड साहेबांनी त्यांना भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली आणि पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. याच सालिम अलींनी पुढे माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करा असा आग्रह धरला. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. माळढोकाच्या इंग्रजी नावात एका अक्षराची चूक झाली तर शिवी होते, ही भीती त्यामागे होती असं सांगतात. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण विचार करा: राष्ट्रीय पक्षी झाला असता तर निदान शाळेच्या पुस्तकातून तरी सगळ्यांना माहीत झाला असता.

भावनगरच्या राजघराण्यातले धर्मकुमारसिंहजी हे स्वतः ससाण्यांनी शिकार करण्याच्या परंपरेतले. १९६९ मध्ये देशात माळढोक साधारण १,२६० असावेत, हा अंदाज त्यांचाच. म्हणजे शिकारी घराण्यातला माणूसच आकडा मांडत होता.

तिकडे अमेरिकेत काय घडलं

आता टर्कीचा ट्रॅक. १९२० पर्यंत अमेरिकेत त्याच्या मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून तो नाहीसा झाला होता. कारणं तीच: बाजारासाठी शिकार आणि जंगलतोड. मग तिथे तीन गोष्टी झाल्या.

पहिली, पैसा. १९३७ मध्ये त्यांनी कायदा केला की बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जाईल. म्हणजे शिकारी जितकी काडतुसं घेणार, तितके पैसे जंगलाला.

दुसरी, पद्धत. आधी त्यांनी फार्मवर वाढवलेले टर्की जंगलात सोडून पाहिले. कित्येक वर्षं हा प्रयोग फसत राहिला. आईशिवाय वाढलेल्या पिल्लांना कोल्हा काय आणि बहिरी ससाणा काय, हेच कळत नव्हतं. मग १९५१ पासून छोट्या तोफांनी जाळी उडवून रानातलेच टर्की पकडायचे आणि जिथे संपलेत तिथे नेऊन सोडायचे, असं सुरू झालं. हे चाललं.

तिसरी गोष्ट कुणी ठरवून केली नव्हती. पूर्वेकडच्या राज्यांत लोकांनी शेती सोडली आणि तिथे पुन्हा झाडी उगवली. टर्कीला घर परत मिळालं.

शिकारीचे नियमही मजेदार आहेत. वसंतात नर ओरडत फिरतात. शिकारी झाडाला टेकून बसतो आणि लाकडी पेटी घासून मादीचा आवाज काढतो. नर भुलला तर येतो. बहुतेक राज्यांत त्या हंगामात फक्त नर मारायला परवानगी असते, कारण मादी अंड्यांवर बसायची असते. एका नराच्या जागी दुसरा नर येतो, घरटं वाचतं. तासन् तास हलायचं नाही, ऐकत राहायचं. त्या बाजूने बघितलं तर शिकारी आणि पक्षिनिरीक्षक सकाळभर एकच काम करतात, फरक शेवटच्या सेकंदात.

एक अंडं

मग आपणही तसंच केलं असतं तर? नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण ‘बघा, शिकार चालू ठेवली की प्राणी वाढतात’ असा निष्कर्ष काढणारे लोक कमेंटमध्ये येणारच आहेत.

टर्कीची मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते आणि साधारण अठ्ठावीस दिवस उबवते. माळढोकाची मादी सत्तावीस दिवस उबवते, पण अंडं घालते एकच. क्वचित दोन. तेही उघड्या जमिनीवर. गाय-म्हशीचा पाय पडला, कोल्ह्या-कुत्र्याला सापडलं, की ते वर्ष गेलं. एवढा हळू भरणारा टँक आणि तळाला मॅन्सफील्डएवढं भोक. आपल्या पक्ष्याला ते कधीच झेपणारं नव्हतं. त्यामुळे १९७२ ची बंदी योग्यच होती. प्रश्न असा आहे की भोक बुजवल्यावरही टँक का भरला नाही.

नान्नज

सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला, नान्नज गाव आहे. १९७० च्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये महाराष्ट्र सरकारने सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर!

आकडा ऐकून छान वाटतं ना? पण त्यात गावं होती, शहरं होती, लोकांच्या मालकीची शेतं होती. राखीव कुरणं त्यातली अगदी थोडी. म्हणजे कागदावर सगळंच अभयारण्य आणि प्रत्यक्षात पक्ष्याच्या कामाचे तुकडे मूठभर. उलट जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आल्याने शेतकऱ्याच्या मनात बसलं की हा पक्षी म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचं संकट. ज्या माणसाच्या बांधावर अंडं पडणार, तोच नाराज. पुढे तीस-एक वर्षांनी हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोपर्यंत उशीर झाला होता.

मी मागच्या वर्षी पावसाळा संपताना दोन मित्रांबरोबर तिथे गेलो. कल्याणहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सोलापूर. गवत गुडघ्याच्या वर आलं होतं, वारा सुटला की सगळा माळ एकदम वाकायचा. काळवीट भरपूर दिसले, चंडोल दिसले. माळढोक नाही. सोबतच्या काकांना विचारलं, “काका, शेवटचा कधी दिसला?” ते म्हणाले, “दिसला तर सांगतो की. तोवर काळवीट बघा.” त्यांच्या बोलण्यात वैताग नव्हता. हा प्रश्न त्यांना रोज कुणीतरी विचारत असणार.

एक शब्द: पडीक

आता मुद्द्यावर येतो. माझ्या मते माळढोकाला जितकं बंदुकीने मारलं, तितकंच एका शब्दाने. तो शब्द म्हणजे ‘पडीक’.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू केली. सरकारच्या दृष्टीने जमिनीचे प्रकार दोनच: सारा देणारी आणि न देणारी. जिथे नांगर नाही ती पडीक. सातबाऱ्यावर आजही ‘पोटखराबा’ असा शब्द असतो, म्हणजे लागवडीला निरुपयोगी भाग. गवताळ माळ हे एक जिवंत घर आहे, तिथे माळढोक, लांडगा, काळवीट राहतात, धनगराची मेंढरं चरतात, हे नोंदवायला त्या कागदावर रकानाच नाही. आमच्या कामात आम्ही म्हणतो, डेटाबेसमध्ये जे फील्ड नाही ते सिस्टिमसाठी अस्तित्वातच नाही. माळरानाचं तेच झालं.

एकदा जागा पडीक ठरली की तिचं भलं करायला सगळे धावतात. १९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं, कालवे आले, सोलापूर जिल्ह्यात ऊस पसरला. शेतकऱ्याला यात दोष देऊ नका. दुष्काळ बघितलेल्या माणसाने पाणी आल्यावर ऊस लावू नये, असं म्हणायचा हक्क वाशीत एसीत बसलेल्या मला नाही. पण सरकारी झाडं लावण्याचं काय? ‘ओसाड’ माळ हिरवा करायचा म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. माळढोकाला मोकळा, लांबवर दिसणारा माळ लागतो. झाड आलं की त्याच्यासाठी तिथे भिंत आली. आपण झाडं लावून त्याचं घर मोडलं, आणि फोटोत ते छान दिसलं.

टर्कीला शेती सुटल्यामुळे जंगल परत मिळालं. माळढोकाचा माळ मात्र बंदूक थांबल्यानंतर जास्त वेगाने गेला. माझ्या सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर एवढंच आहे.

आणि आता तारा

उरलेले बहुतेक माळढोक आज राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिथे नवा धोका विजेच्या तारांचा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही. आणि एवढं वजन शेवटच्या क्षणी वळवता येत नाही. थरच्या भागात तारांना धडकून वर्षाला साधारण १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. दीडशेतले अठरा!

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून विषय तज्ज्ञ समितीकडे दिला, कारण त्या तारा सौर आणि पवन ऊर्जेच्या आहेत आणि हवामानबदलाशी लढायला तीही हवीच. इथे कुणी खलनायक सापडत नाही, म्हणूनच हे अवघड आहे. आणि ते वाळवंटही सोलरसाठी सोयीचं का वाटलं? रिकामी जागा म्हणून. पुन्हा तोच शब्द.

चांगली बातमीही आहे. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळढोकांचं प्रजनन केंद्र चालू आहे आणि २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. पण टर्कीवाल्यांचा धडा लक्षात ठेवा: माणसाने वाढवलेलं पिल्लू रानात सोडणं हे काम आहेच, आणि त्याआधी सोडायला रान लागतं.

नवी मुंबईकरांनो

मी राहतो त्या नवी मुंबईत माळढोक नाही, पण फ्लेमिंगो आहेत. हिवाळा सुरू झाला की आपण सगळेच त्यांच्या रील टाकतो. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जाही मिळाला. तरी नेरूळ-सीवूड्सच्या बाजूची पाणथळ जागा कुणी दाखवली की अर्ध्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, “इथे पुढे काय होणारे?” जणू सध्या तिथे काहीच नाही. पुढच्या वेळी हा प्रश्न ऐकलात तर एवढंच सांगा की आत्ताही इथे बरंच काही चालू आहे.

आणि एक काम देतो, खास सोलापूर, नगर, बार्शी, करमाळा, कर्जतकडच्या मंडळींना. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा: तुम्ही माळावर ‘हूम’ ऐकलाय का? कुठल्या माळावर, साधारण कुठल्या साली? त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. मॅन्सफील्डने मारलेल्या पक्ष्यांची यादी आपल्याकडे दोनशे वर्षं आहे. ज्यांनी पक्षी नुसता पाहिला, ऐकला आणि सोडून दिला, त्यांची यादी कुणीच केलेली नाही. पुढच्या एका भागात ती सुरू करूया.

भेटू लवकरच. काळजी घ्या.